तीन मोटरी, एक कडं

ता. ४ ऑगस्ट ८४, शनिवार. सौंसर.

आणि वर हेही, की मी कोठंच टिकत नाही. दादा, पोस्टकार्डावर जागा ती केवढी, त्यातल्याही चार ओळी तू मला झोडपायला वापरल्या. आईचा गुडघा कसा आहे, धाकटी कमल नववीत बसली की नाही, हे कोपऱ्यात, शाई संपता संपता. हिंगणघाटचं जिनिंग मी सोडलं नाही, हंगाम सरला न् ते बंद झालं. नागपूरचं सायकलचं दुकान सोडलं, हाव, ते सोडलं. मालक पाना फेकून मारत होता. बल्लारशाच्या वखारीचं जाऊ दे.

हे कार्डावर लिहिणार नाही. इथं वहीत लिहून राहिलो, म्हणजे भांडण माझ्याच पेटीत राहील.

पेटीत पावडरचा डबा, डब्यात एकवीस रुपये. सौंसर ते नागपूर छोटी गाडी, पुढं वणीपर्यंत एसटी. जिथं जातो तिथं पहिले परतीचं भाडं बाजूला काढून ठेवतो. हे दादाला माहीत नाही. माहीत झालं तर म्हणेल, पाहा, मी सांगतच होतो.

ता. ६, सोमवार.

फ्यूज गेला. पंधरा दिवसांतला पाचवा.

आमचा कारखाना म्हणजे एक टिनाचं शेड, सूत रंगवायचे चार हौद, बारा माणसं, आणि तीन मोटरी. विहिरीचा पंप, ओलं सूत पिळायचं मशीन, भट्टीचा पंखा. तिन्ही माझ्या ताब्यात. आज सगळ्यांना एकदमच घाई झाली, तिन्ही सोबत चालल्या, न् अंधार.

फ्यूज जाते ते एक. पण त्याच्या आधी व्होल्टेज असं पडते की खाली म.रावची मोटर नुसती गुरगुरते. म.राव म्हणजे महादेवराव, नाल्याच्या खालच्या अंगाला त्यांचा संत्र्याचा बगीचा. ट्रान्सफॉर्मर त्यांचा न् आमचा एकच. नालाही एकच. आमचं रंगाचं पाणी त्यात जाते.

दुपारी स्वतः आले. काठी टिनावर वाजवली.

"ए मोटरवाल्या! माही मोटर जळाली तं तुह्या मालकाच्या दारात आणून ठेवीन. अन् माही विहीर पाह्य जाऊन. काल निळी, आज लाल. आता झाडाले निळे संत्रे लागतीन का?"

मागून उस्मानचाचा, आमचा मुख्य रंगारी: "लागले तर भाव चांगला येईल, रावसाब."

म.राव हसले नाहीत. तहसीलला अर्ज दिला म्हणाले. साहेब २५ तारखेला पाहायला येणार. रंग दिसला तर शेडला कुलूप.

ता. ७.

मालक पांढुर्ण्याहून फटफटीवर आले. पाणी साफ करायचं मशीन मिळते म्हणे, पण त्याला चौथी मोटर लागते. आमचा मंजूर भार तीनलाच पुरत नाही, बिजलीवाले आणखी द्यायला तयार नाहीत. मालक म्हणाले, "२५ पर्यंत काही जमलं तर जमलं. नाही तर मी पांढुर्ण्यात सुताचं दुकान टाकतो." ते दुकान टाकतील. चाचा साठीला आला, तो काय टाकणार?

मी म्हटलं, मोटर नसलेलं काही पाहिजे. मालक म्हणाले, पाहा मग. अन् गेले.

डबा उघडून पाहिला. एकवीसच्या एकवीस.

ता. ८, बुधवार.

ज्यांच्याकडे खोली घेऊन राहतो त्या शेवंताबाई. आल्या दिवशी जयभीम म्हटलं, गाव कोणतं विचारलं, किल्ली दिली. मावशीच म्हणतो.

तीन महिने झाले, रोज सकाळी मावशी गढूळ पाण्याच्या माठात आतून काही घासते. मी रोज पाहतो न् पाहत नाही. आज पाहिलं. निवळीचं बी. घासलं, भाकरी थापून होईस्तोवर माती खाली बसली, वरचं पाणी आरशासारखं.

"मावशी, एका बीत किती पाणी निवळते?"

"माठभर. तुले का नाला निवळाचा हाय?"

"हाव."

हातातला उलथना तसाच धरून माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, तितकी निवळी जंगलातही सापडायची नाही. मुंगन्याचं, म्हणजे शेवग्याचं, बी चालते. वाळक्या शेंगांतलं. तिची आई वापरायची. रामाकोन्याला तिच्या भावाच्या वाडीत पाच झाडं, पोतंभर शेंगा माळ्यावर पडून असतील.

चाचाला सांगितलं. चाचा रंगातच म्हातारा झाला, तो कोणाचं पटकन ऐकत नाही. बी कुटून निळ्या पाण्याच्या बालटीत टाकलं. पहिले जोरानं फिरवलं, मग हळू, मग काडी बाहेर. एक बिडी झाली, दुसरी झाली. निळ्याचे गोळे व्हायला लागले न् खाली बसायला लागले. वर फिकट राहिलं, पुरं नाही.

चाचा म्हणाला, "अर्धं काम झालं बेटा. उरलेलं कोळशाला देऊ. रंग सुताले धरते तसा कोळशालेही धरते."

ता. १०, शुक्रवार.

रामाकोन्याला जाऊन आलो, छोट्या गाडीनं. पोतं मिळालं. मावशीच्या भावानं विचारलं भाजी करता का एवढ्याची. नाला शिजवतो म्हटलं.

पण लिहायचं दुसरंच आहे. परतीला स्टेशनवर उभा होतो. मास्तर वेताचं मोठं कडं घेऊन आला, कड्याला चामड्याची पिशवी, ते त्यानं ड्रायव्हरच्या हातात दिलं तेव्हा गाडी हलली. विचारलं हे काय. म्हणे, पुढची लाइन एकच. ज्याच्याकडे ह्या पिशवीतला गोळा, तोच लाइनवर. दुसऱ्याकडे गोळाच नाही तर तो येईल कसा?

सौंसर येईस्तोवर पोत्यावर बसून हेच डोक्यात. लाइन एक. गोळा एक.

ता. १२, रविवार.

टोपलीवाल्याकडून वेत घेतला, कडं वळलं, सुतळी गुंडाळली, लाल रंगात बुचकळलं. सगळ्यांना उभं करून सांगितलं: कडं ज्याच्या गळ्यात त्यानंच मोटर चालू करायची. काम झालं की बंद करून कडं पुढच्याच्या गळ्यात. सकाळी पहिले पंप, वरची टाकी भरून घ्यायची. मग पंखा. हौद उकळला की पंखा बंद, मग पिळणी.

पिळणीवाला श्रावण म्हणे, "मोटरवाल्यानं हार आणला रे! नवरी कोठी हाय?"

हसले सगळे. हसू दे.

ता. १४.

दोन दिवस फ्यूज गेला नाही. आज मात्र श्रावण कडं गळ्यात घालून घरी जेवायला गेला. भट्टी थंडी, पंप बंद, अकरा माणसं बिड्या ओढत बसलेली. मी सायकल काढून त्याच्या घरी. हा वरणभात कालवून राहिला, कडं गळ्यात.

"अबे, लाइन घेऊन आलास ना घरी!"

त्याची बायको म्हणाली, "मले वाटलं जामसांवलीच्या मारुतीचा परसाद हाय."

आता कड्याला घुंगरू बांधलं. फाटकाबाहेर वाजलं की चाचा ओरडतो.

उशीर होते हे खरं. पण दिवसाचं सूत तितकंच निघालं. मोजलं मी. उलट दोन गड्डे जास्त, कारण अंधारात बसणं नाही.

ता. १६, गुरुवार.

शेडच्या मागं उतार आहे तिथं टाकं खणलं. मोठं, एका बाजूनं ढाळ, गाळ काढायला आत उतरता यावं म्हणून. हौदाचं पाणी तिथं थंड व्हायचं, बी टाकून निवळायचं. तिथून नळीनं खाली दोन पिपांत, पिपांत वाळू न् कोळसा. पाणी आपल्या पायानं उतरते, मोटर कुठंच नाही. वाळू मालकांनी जाम नदीची पाठवली, पांढुर्ण्याहून ट्रकनं.

कोळसा मात्र घोटाळा. म.रावच्या शेजारच्यांकडे मागच्या सालच्या पऱ्हाट्या बांधावर पडून होत्या, फुकट. कपाशीचं वाळकं झाड, भुर्रकन पेटते. पेटवल्या. राखच झाली. मी तीच पिपात भरली. खाली निघालं ते काळं. निळं घातलं न् काळं काढलं.

चाचानं कपाळावर हात मारला. "राख वेगळी, कोळसा वेगळा, पगले!"

मावशी म्हणे, पेटल्यावर ओली माती लिंपायची, धूर कोंडायचा. मले विचारलं असतं तं.

मीच विचारलं नाही. असंच होते माझं. अर्धं ऐकून निघतो.

ता. १९, रविवार.

आज.

दोन दिवस कोंडलेला कोळसा, धुऊन, भरून. पिपाच्या तोटीखाली स्टीलचा गिलास धरला. भरायला लय वेळ लागला. चाचानं गिलास उजेडाकडे केला. निळं नाही. किंचित पिवळसर, फिक्क्या चहासारखं, तितकंच. बारा माणसांनी हातोहात गिलास फिरवला. मग सगळेच एकदम बोलले.

मला भूकच लागली. चार दिवसांची. मावशीकडे पाच भाकरी खाल्ल्या. ती मोजत होती.

ता. २२.

रोज निवळून राहिलं. टाक्यातलं वरचं पाणी इतकं साफ की आभाळ दिसते. तळाला गुडघाभर निळा गाळ, पण तो वरून दिसत नाही. फ्यूज आजपण नाही. सवय होते का याची मला, भीती वाटते.

दादाचं कार्ड आलं. कमलची शाळा सुरू आहे. पुस्तकं नाहीत. शेवटी: अजून तिथंच आहेस का.

ता. २५, शनिवार.

हात अजून निळे आहेत, वहीला लागून राहिलं.

सकाळी नऊला आलो. टाक्याकडून गाणं ऐकू आलं. म.रावचा जुना सालदार नथ्थूभाऊ टाक्यात, कंबरेपर्यंत. सोबत म.रावची पांढरी बैलजोडी. गवताच्या चुंबळीनं घासून राहिला.

आज खांदेमळणी. उद्या पोळा. बैल तर आज धुणारच.

मी ओरडलो. तो म्हणे, "आवाज कायले करतं बावा, बैल बिचकते. नाल्याले गढूळ पाणी. इतकं निवळ पाणी म्या कोठी नाई पाह्यलं. ढाळ बी केला तुमी, बैल बरोबर उतरले."

बैल बाहेर काढले. वरून दुधासारखे, गुडघ्याखाली निळे. शेपटीचे झुपके निळे. एकानं शेपटी झटकली न् माझा सदरा गेला. टाकं सगळं ढवळून शाई.

चारला साहेब येणार.

चाचा टोपी काढून बांधावर बसला. मी पण. खरं लिहितो, डबा आठवला. आत्ता निघालो तर बाराची गाडी. कोणी काही म्हणालं नसतं, म्हणायला वेळच नव्हता कोणाला.

मग चाचा म्हणाला, "बी किती उरलं?" दीड पायली. सगळं कुटलं. टाक्यात उतरून बांबूनं आधी जोरात फिरवलं, मग हळू, मग नुसतं बाहेर येऊन बसलो. शेड पूर्ण बंद ठेवलं, नवीन पाणी येऊ नये. कडं खुंटीला. तिन्ही मोटरी गप्प. खालून म.रावचा पंप ऐकू येत होता, एकसारखा.

दोनला हातभर साफ. साडेतीनला दीड हात.

चारला साहेब न् मालक. मागून म.राव, तोंड लाल. "साहेब, पहिले माह्या बैलाईचे पाय पाहा! उद्या पोया, अन् हे पाहा!"

साहेब म्हणाले, "पैर नीले कैसे हुए?"

"याईच्या टाक्यात."

"टाके में बैल किसने उतारे?"

नथ्थूभाऊ पुढं आला, हात जोडून. "म्या उतरवले साहेब. पाणी निवळ दिसलं म्हून."

साहेबांनी म.रावकडे पाहिलं. "मतलब, आपके आदमी को ही पानी साफ दिखा."

श्रावण हसला, चाचानं त्याला चिमटा काढला.

मग म.राव तोटीशी गेले. खांद्यावरचा पांढरा दुपट्टा काढला, टोक पाण्याखाली धरलं, पिळलं, उजेडात पाहिलं. पुन्हा धरलं. पुन्हा पाहिलं. पांढरंच होतं. साहेबांनी विचारलं क्या कहते हैं. म.रावनं दुपट्टा खांद्यावर टाकला, ओला तसाच.

साहेबांनी वहीत लिहिलं. कुलूप नाही. सहा महिने पाहणार, मध्ये कधीही येणार.

निघता निघता म.राव थांबले, फाटकात. "अन् हे बी लिहा साहेब. पंधरा दिवसांत माही मोटर एकदाई गुरगुरली नाई."

हे त्यांनी काहून सांगितलं, कोणी विचारलं नव्हतं. मी मागं जाऊन तोंड धुतलं. दोनदा.

ता. २६. पोळा.

निळा सुटलाच नाही. चाचाचा रंग आहे, सुटेल कसा? नथ्थूभाऊनं डोकं लढवलं, शिंगंही निळी केली, अंगावर निळे ठिपके. तोरणाखाली म.रावची जोडी उभी, न् लोक विचारून राहिले, रंग कोठचा? म.राव मिशीतल्या मिशीत म्हणाले, "घरचाच हाय."

संध्याकाळी नथ्थूभाऊ पळसाच्या पानात पुरणपोळ्या घेऊन आला. म.रावनं पाठवल्या. मावशी म्हणाली, "घरात बोलावून वाढल्या असत्या तं आणखी गोड लागल्या असत्या." खाल्ल्या. गोड होत्या.

ता. २७.

आज पांढुर्ण्याला गोटमार, नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारायची जत्रा. शेड बंद. श्रावण सावरगावच्या बाजूनं दगड मारायला गेला, तिथं त्याची सासुरवाडी. चाचा पांढुर्ण्यात घरी दार लावून बसला असेल. मी पण निघत होतो, नुसतं पाहायला. मावशी दारात आडवी. "डोक्सं फोडून आला तं उद्या मोटरी कोण पाह्यन?"

असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. चप्पल काढली.

ता. २९.

श्रावण आला, कपाळाला पट्टी. पट्टीवरून कडं घातलं, पिळणी चालू.

ता. ३ सप्टेंबर, सोमवार.

पगार झाला.

मुंगन्याचं बी संपत आलं. नवीन शेंगा वाळायला उन्हाळा. मावशी न् मी घरोघरी मागून राहिलो, लोक शेंग द्यायला तयार, बी द्यायला नाही, पेरायचं म्हणतात. उपसलेला निळा गाळ कोपऱ्यात साचून राहिला, तो कोठी टाकायचा ठाऊक नाही. म.राव म्हणे माह्या बाजूले नाई. काल बांधावर भेटले. माघात आंबिया बहार फुटू दे, म्हणाले, फूल टिकते का गळते, तवा बोलतो तुह्याशी. माघ म्हणजे पाच महिने. पाच महिने मी आजवर कोठं राहिलो नाही. कड्याचा वेतही सैल झाला, पुन्हा वळावा लागेल.

पोस्टात गेलो. मनीऑर्डरच्या कूपनावर जागा पोस्टकार्डाहून कमी. लिहिलं: आईले गुडघ्याचं तेल, कमलले पुस्तकं. मी इथंच आहे.

फॉर्म भरून झाला होता. मग पेटीतून खिशात घातलेला डबा काढला, न् आकडा खोडून दुसरा टाकला. बाबूनं नवीन फॉर्म भरायला लावला, खाडाखोड चालत नाही म्हणे. भरला.

पगारातले दीडशे, डब्यातले एकवीस. एकशे एकाहत्तर रुपये.